स्टेबल लिनक्सवर नवा कंपायलर: जुन्याला न हलवता

फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात असो, कुंकळ्ळीच्या एनआयटीत असो, की पणजीतल्या एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत, अडचण बहुधा एकाच रूपात समोर येते. उदाहरणातला प्रोग्रॅम सी++२३ चा असतो, पहिल्याच ओळीत ‘प्रिंट’ नावाचं हेडर (तयार सोयी जाहीर करणारी फाइल) मागितलेलं असतं, आणि उबंटू २४.०४ वरचा कंपायलर, म्हणजे सोर्सपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारं साधन, सांगतो की अशी फाइलच नाही. मशीनवर एकही अपडेट बाकी नसतं, तरीही. कारण साधं आहे. उबंटू २४.०४ चा मूळ कंपायलर म्हणजे जीसीसीची १३ वी आवृत्ती आणि ते हेडर जीसीसी १४ मध्ये आलं. स्टेबल वितरणात, म्हणजे आवृत्त्या गोठवून फक्त दुरुस्त्या देणाऱ्या लिनक्समध्ये, ‘सगळं अपडेट आहे’ म्हणजे ‘सगळं नवं आहे’ असं नसतं, आणि हे कळलं नाही की माणूस इंटरनेटवरची पहिली दिसेल ती कमांड चालवून सिस्टमच बिघडवून बसतो.

म्हणून एक नियम आधीच सांगतो, पुढचं सगळं त्याच्याच आधाराने आहे. सिस्टमचा कंपायलर आहे तिथेच राहू द्या. त्याला फक्त वितरणाकडून येणाऱ्या दुरुस्त्या मिळू द्या. नवा हवा असेल तर तो शेजारी बसवा आणि ज्या प्रोजेक्टला हवा त्यालाच दाखवा. डेबियनवाले स्वतःही हेच करतात. फायरफॉक्सची ईएसआर (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी) आवृत्ती पुढे सरकली की तिला नवा रस्ट कंपायलर लागतो, पण डेबियन १२ मधला रस्ट १.६३ आहे तिथेच राहतो. त्याच्या बाजूला ‘रस्टसी-वेब’ नावाचं वेगळं पॅकेज येतं आणि ब्राउझर त्याने बांधला जातो.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. जिथे मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे.

स्टेबलमध्ये कंपायलर का गोठवतात

डेबियन १२ हे १० जून २०२३ रोजी आलं, जीसीसी १२.२ आणि ग्लिबसी (सीची मूळ लायब्ररी) २.३६ घेऊन. डेबियन १३ हे ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलं, जीसीसी १४.२ आणि ग्लिबसी २.४१ घेऊन. जीसीसीची मोठी आवृत्ती साधारण दर वर्षी एप्रिल-मेमध्ये निघते, म्हणजे स्टेबल वितरण हातात पडेपर्यंत त्यातला कंपायलर एखाद्या पिढीने मागे पडलेला असतो आणि पुढची दोन-तीन वर्षं तो तसाच राहतो.

हे आळसाने होत नाही. डेबियनच्या भांडारातली हजारो पॅकेजेस त्या एका कंपायलरवर बांधून तपासलेली असतात. उद्या एखाद्या लायब्ररीत सुरक्षेची चूक सापडली तर तिचा सोर्स दुरुस्त करून त्याच कंपायलरने पुन्हा बांधायचा असतो. मधेच कंपायलर बदलला असेल तर दुरुस्ती दोन ओळींची आणि बांधणी मात्र भलत्याच कारणाने अडलेली, अशी वेळ येते. जीसीसी १४ ने सी भाषेतल्या कित्येक जुन्या सवलती थेट एरर ठरवल्या. असा बदल स्टेबलच्या अधेमधे कोणालाच परवडत नाही.

वितरणांत थोडा फरक आहे. डेबियन १२ जीसीसी १२.२ वरच थांबलं, जरी मूळ प्रकल्पाने १२.३ आणि १२.४ काढल्या. उबंटू त्याच शाखेतल्या छोट्या दुरुस्ती-आवृत्त्या घेतं: २२.०४ मध्ये ११.२ ची ११.४ झाली, २४.०४ मध्ये १३.२ ची १३.३ झाली. पण ११ ची १२ कुठेही आपोआप होत नाही. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ वर जीसीसी ८.५, ९ वर ११ आणि १० वर १४ आहे.

पायरी १: आपल्याकडे काय आहे ते नीट वाचा

जीसीसी --व्हर्जन

ही कमांड आवृत्ती सांगते, पण ती कुठून आली ते सांगत नाही. त्यासाठी डेबियन-उबंटूवर एपीटी (पॅकेजेस बसवणारं साधन) आहे:

एपीटी पॉलिसी जीसीसी जीसीसी-१२

डेबियन १२ वर पहिल्या पॅकेजपुढे ‘४:१२.२.०-३’ असं काहीतरी दिसेल आणि दुसऱ्यापुढे ‘१२.२.०-१४’. ही दोन वेगळी पॅकेजेस आहेत, आणि नवख्यांचा अर्धा गोंधळ इथेच असतो. ‘जीसीसी’ या पॅकेजात कंपायलर नाहीच. त्यात प्रामुख्याने सिमलिंक आहेत: /यूएसआर/बिन/जीसीसी हे जीसीसी-१२ कडे बोट दाखवतं. खरा कंपायलर ‘जीसीसी-१२’ मध्ये. सुरुवातीचं ‘४:’ म्हणजे पॅकेज-क्रम लावण्यासाठी डेबियनने जोडलेला आकडा; कंपायलरच्या आवृत्तीशी त्याचा संबंध नाही. शेवटी ‘+डेब१२यू१’ अशी शेपटी दिसली तर समजा की मूळ आवृत्ती तीच ठेवून स्टेबलसाठी एखादी दुरुस्ती आणली आहे. काय दुरुस्त केलं ते ‘एपीटी चेंजलॉग जीसीसी-१२’ मध्ये वाचता येतं, आणि ते वाचायची सवय लावून घ्याच.

कंपायलर एकटा कधीच काम करत नाही. असेंब्लर आणि लिंकर ‘बायनुटिल्स’मधून येतात, सीची हेडर ‘लिबसी६-डेव्ह’मधून, सी++ ची हेडर ‘लिबएसटीडीसी++-१२-डेव्ह’मधून. तयार प्रोग्रॅम चालवताना जी लागते ती ‘लिबएसटीडीसी++६’. या शेवटच्या पॅकेजाचं नाव लक्षात ठेवा. कंपायलर कितीही असले तरी ही लायब्ररी सिस्टमवर एकच असते, आणि पुढची बरीच भांडणं तिच्यावरूनच होतात.

पायरी २: नेहमीच्या दुरुस्त्या सुरू आहेत ना ते पाहा

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी अपग्रेड

एवढं पुरतं, पण सोर्सेसची यादी, म्हणजे एपीटीने कोणत्या भांडारांतून पॅकेजेस घ्यायची ती यादी, बरोबर असेल तरच. डेबियन १२ साठी तिथे तीन नोंदी हव्यात: बुकवर्म (हे डेबियन १२ चंच नाव), बुकवर्म-अपडेट्स आणि बुकवर्म-सिक्युरिटी. तिथे ‘बुकवर्म’च्या जागी ‘स्टेबल’ हा शब्द लिहू नका. ९ ऑगस्ट २०२५ ला ‘स्टेबल’चा अर्थ बुकवर्म ऐवजी ट्रिक्सी (डेबियन १३) झाला, ज्यांच्या यादीत तो शब्द होता त्यांच्या मशीनपुढे रोजच्या अपडेटमध्येच अख्खी पुढची आवृत्ती येऊन उभी राहिली. यादीत नेहमी आवृत्तीचं नाव लिहा, म्हणजे पुढे कधी जायचं ते तुम्ही ठरवाल.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. कंपायलरमधली चूक दुरुस्त झाली म्हणून तुमचे आधी बांधलेले प्रोग्रॅम दुरुस्त होत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये जीसीसीची एक त्रुटी जाहीर झाली, सीव्हीई-२०२३-४०३९: ६४-बिट आर्म प्रोसेसरवर ज्या स्थानिक व्हेरिएबलचा आकार प्रोग्रॅम चालताना ठरतो, त्यांच्या बाबतीत स्टॅक-संरक्षण पाळत ठेवत नव्हतं. अशा वेळी दुरुस्त कंपायलर बसवून झाल्यावर आपला प्रोग्रॅम पुन्हा बांधावा लागतो, नाहीतर अपडेटचा उपयोग शून्य. वेर्णा औद्योगिक वसाहतीत आर्म बोर्डांवर काम करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं, कारण फर्मवेअर एकदा उपकरणात गेलं की वर्षानुवर्षं तेच चालतं.

पायरी ३: दुसरा कंपायलर वितरणाच्याच भांडारातून घ्या

बाहेर शोधण्याआधी घरात पाहा. उबंटू २४.०४ मध्ये मूळ १३ असला तरी १४ भांडारात आहे. २२.०४ मध्ये मूळ ११, जोडीला १२. डेबियन १३ मध्ये मूळ १४, आणि जुन्या कोडसाठी १२ व १३ सुद्धा.

सुडो एपीटी इन्स्टॉल जी++-१४
जी++-१४ -एसटीडी=सी++२३ हॅलो.सीपीपी -ओ हॅलो

सुरुवातीचं ‘प्रिंट’वालं उदाहरण आता चालेल. ‘जी++’ एवढंच टाइप केलं तर पूर्वीचाच १३ येईल, आणि तसंच हवं. उबंटू २४.०४ मधली ‘लिबएसटीडीसी++६’ ही आधीपासूनच जीसीसी १४ च्या सोर्समधून बांधलेली आहे, त्यामुळे असा प्रोग्रॅम दुसऱ्या कोणत्याही अद्ययावत २४.०४ मशीनवर निमूट चालतो. भांडारातला कंपायलर घेण्याचा हा मोठा फायदा.

‘जीसीसी-१४’ नव्हे, ‘जी++-१४’ मागा. याचं कारण क्लँग (जीसीसीहून वेगळा, एलएलव्हीएम प्रकल्पाचा कंपायलर) वापरणाऱ्यांना नक्की भेटतं. क्लँग लिनक्सवर स्वतःची सी++ लायब्ररी न वापरता जीसीसीची वापरतो, आणि मशीनवर जीसीसीचे जेवढे फोल्डर दिसतील त्यातला सर्वांत नवा निवडतो. उबंटू २२.०४ वर एखाद्या पॅकेजाबरोबर जीसीसी-१२ ओढला गेला पण त्याची सी++ हेडर आली नाहीत, की कालपर्यंत चालणारा क्लँग आज म्हणतो, ‘आयओस्ट्रीम’ फाइल सापडत नाही. क्लँग काढून पुन्हा घालण्यात वेळ घालवू नका. ‘क्लँग -व्ही’ चालवा, ‘सिलेक्टेड जीसीसी इन्स्टॉलेशन’ या ओळीपुढे कोणता आकडा आहे ते बघा, आणि त्याच आकड्याचं ‘लिबएसटीडीसी++-१२-डेव्ह’ बसवा. मिनिटाभराचं काम.

पायरी ४: प्रोजेक्टला नवा कंपायलर दाखवा

बहुतेक बिल्ड-साधनं दोन एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल मानतात: सीचा कंपायलर ‘सीसी’मध्ये, सी++ चा ‘सीएक्सएक्स’मध्ये. दोन्ही नावं मोठ्या अक्षरांत लिहायची.

सीसी=जीसीसी-१४ सीएक्सएक्स=जी++-१४ सीमेक -एस . -बी बिल्ड-१४

या ओळीत -एस आणि -बी ही अक्षरंही मोठी. बिल्डचं फोल्डर नवंच घ्या. सीमेक पहिल्या वेळी सापडलेला कंपायलर कॅशमध्ये लिहून ठेवतो आणि त्याच फोल्डरात नंतर व्हेरिएबल बदलले तरी ऐकत नाही. ‘मी बदललं तरी जुनाच चालतोय’ या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. सीमेक ३.२४ पासून ‘--फ्रेश’ हा पर्याय आहे, तोही चालतो. ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट असलेल्या जुन्या प्रोजेक्टमध्ये आधी ‘मेक डिस्टक्लीन’ करून मग व्हेरिएबल द्या.

इंटरनेटवर हमखास ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ने /यूएसआर/बिन/जीसीसी वळवायला सांगतात. आमचं मत स्पष्ट आहे: करू नका. डेबियन आणि उबंटूमध्ये ती लिंक ‘जीसीसी’ पॅकेजाच्या मालकीची आहे, अल्टरनेटिव्ह्जच्या नाही, त्यामुळे पॅकेज पुढे कधी अपडेट झालं की दोघांची ओढाताण होते. शिवाय ‘जीसीसी’ वळवून ‘जी++’ विसरलं तर सीचे तुकडे एका कंपायलरने आणि सी++ चे दुसऱ्याने बांधले जातात. सगळ्यात वाईट म्हणजे कर्नेल मॉड्यूल बांधणारी डीकेएमएस यंत्रणाही बदललेला कंपायलर उचलू शकते.

त्या डीकेएमएसचं एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. उबंटू २२.०४ चा मूळ कंपायलर ११, पण नव्या हार्डवेअरसाठी आलेला ६.५ कर्नेल उबंटूच्या कंपनीने, कॅननिकलने, जीसीसी १२ ने बांधला. त्या कर्नेलच्या बांधणीत ‘-एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट=झिरो’ हा पर्याय असतो, जो जीसीसी १२ मध्येच आला. एनव्हिडियाचं मॉड्यूल ११ ने बांधायला गेलं की कंपायलर हा पर्याय ओळखतच नाही, बांधणी थांबते आणि पुढच्या बूटला ग्राफिक्स बंद. ‘कॅट /प्रॉक/व्हर्जन’ ही कमांड सध्याचा कर्नेल कोणत्या कंपायलरने बांधला ते छापते. मॉड्यूलसाठी तोच कंपायलर बसवा आणि मूळ लिंकला हात न लावता डीकेएमएसला पुन्हा बांधू द्या.

रेड हॅट कुटुंबात

अल्मालिनक्स, रॉकी आणि रेड हॅट वापरणाऱ्यांचं काम सोपं आहे, कारण ‘शेजारी बसवा’ ही पद्धत तिथे कंपनीनेच तयार करून दिली आहे.

सुडो डीएनएफ इन्स्टॉल जीसीसी-टूलसेट-१३
एससीएल एनेबल जीसीसी-टूलसेट-१३ बॅश

पहिली ओळ सगळं काही /ऑप्ट/आरएच च्या खाली बसवते, आवृत्ती ९ वरच्या मूळ ११ ला धक्काही लागत नाही. दुसरी ओळ एक नवी शेल उघडते. तिच्यात असेपर्यंत ‘जीसीसी’ म्हणजे १३. ‘एक्झिट’ केलं की परत ११. यात एक फार छान रचना आहे: नव्या लायब्ररीतले जे भाग मूळ सिस्टममध्ये नाहीत तेवढेच तुमच्या प्रोग्रॅममध्ये थेट जोडले जातात, बाकीचे सिस्टमच्या लायब्ररीतूनच घेतले जातात. त्यामुळे तयार प्रोग्रॅम टूलसेट नसलेल्या सर्व्हरवरही चालतो.

फक्त प्रत्येक टूलसेटला वितरणाइतकं दीर्घ आयुष्य नसतं, सुमारे दोन वर्षं धरा. १३ वर बांधणारा प्रोजेक्ट पुढच्या टूलसेटवर अधूनमधून बांधून पाहत राहा. क्लँग, रस्ट आणि गो मात्र तिथे वेगळ्या प्रकारात मोडतात. त्यांची पॅकेजेस वितरणाच्या प्रत्येक छोट्या आवृत्तीबरोबर पुढे सरकतात. आज ९ वर चाललेला रस्ट प्रोजेक्ट पुढच्या ‘डीएनएफ अपग्रेड’नंतर वेगळ्याच कंपायलरने बांधला जाईल, हे गृहीत धरूनच चाला.

पायरी ५: भांडारात नसेल तर

डेबियन १२ वर जीसीसी १३ किंवा १४ भांडारात नाहीच. अशा वेळी काय करू नये ते आधी. टेस्टिंगची (डेबियनच्या अजून तयार होत असलेल्या पुढच्या आवृत्तीची) ओळ सोर्सेसमध्ये घालून तिथला जीसीसी ओढू नका. त्याच्या मागोमाग टेस्टिंगची ग्लिबसी येते, तिच्यामागे आणखी वीस पॅकेजेस, आणि उरतं ते ना स्टेबल ना टेस्टिंग. डेबियनवाले अशा मशीनला फ्रँकनडेबियन म्हणतात. ग्लिबसी एकदा पुढे गेली की तिला सुरक्षित मागे आणण्याचा रस्ता नाही. बहुतेक वेळा मशीन नव्याने बसवावं लागतं.

बॅकपोर्ट्स हे भांडार सुरक्षित आहे, कारण तिथली पॅकेजेस स्टेबलवरच पुन्हा बांधलेली असतात आणि त्यांची प्राथमिकता १०० ठेवलेली असते. म्हणजे मागितल्याशिवाय तिथून काही येत नाही. पण तिथे जीसीसी शोधू नका. गो मात्र तिथे मिळतो, आणि डेबियन १२ चा मूळ गो १.१९ असल्याने तो घेण्यासारखा आहे:

सुडो एपीटी इन्स्टॉल -टी बुकवर्म-बॅकपोर्ट्स गोलँग-गो

क्लँगसाठी एलएलव्हीएम प्रकल्पाचं स्वतःचं एपीटी भांडार आहे. डेबियन आणि उबंटू दोन्हीसाठी पॅकेजेस तिथे असतात, नावात आकडा असतो (क्लँग-१९ वगैरे), त्यामुळे ती मूळ क्लँगशेजारी नीट बसतात. भांडाराची किल्ली /ईटीसी/एपीटी/कीरिंग्ज मध्ये ठेवा आणि ती फक्त त्याच भांडाराला लागू होईल असं सोर्सेसच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ने लिहा. सगळ्या भांडारांना चालणाऱ्या सामाईक किल्ल्यांत ती टाकायची जुनी पद्धत सोडून द्या.

उबंटूवर ‘टूलचेन-आर’ चमूचं ‘टेस्ट’ नावाचं पीपीए (उबंटूसाठीचं वेगळं, जोडीचं भांडार) फार लोकप्रिय आहे. २२.०४ वर जीसीसी १३ त्यातून मिळतो. पण ते घातल्यावर ‘एपीटी अपग्रेड’ केलं की फक्त नवा कंपायलर येत नाही, सिस्टमची ‘लिबएसटीडीसी++६’ सुद्धा तिथलीच बसते. तुमच्या मशीनवर त्याचा त्रास सहसा जाणवत नाही. त्रास होतो तो प्रोग्रॅम दुसऱ्याच्या मशीनवर नेल्यावर. तिथे ही ओळ दिसते: ‘जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.३२’ नॉट फाउंड.

या ओळीला घाबरू नका, ती फार प्रामाणिक आहे. लिबएसटीडीसी++ चं नाव २००४ च्या जीसीसी ३.४ पासून तेच आहे, ‘.एसओ.६’. प्रत्येक नवी आवृत्ती जुनं काही न काढता त्यात नव्या खुणा वाढवत जाते: ३.४.२९ म्हणजे जीसीसी ११, ३.४.३० म्हणजे १२, ३.४.३१ आणि ३.४.३२ म्हणजे १३.१ आणि १३.२, ३.४.३३ म्हणजे १४. जुन्या लायब्ररीत नवी खूण नसते, म्हणून प्रोग्रॅम सुरूच होत नाही. तुमच्या मशीनवर कोणत्या खुणा आहेत ते ‘स्ट्रिंग्ज’ कमांडने त्या .एसओ फाइलमधून काढता येतं. उपाय सोपा आहे, लिंक करताना दोन पर्याय जोडा:

-स्टॅटिक-लिबएसटीडीसी++ -स्टॅटिक-लिबजीसीसी

फाइल थोडी जाड होते, पण सी++ ची लायब्ररी आतच येते. इंटरनेटवरून नवी .एसओ फाइल उतरवून सिस्टमच्या फोल्डरात टाकण्याचा मोह मात्र टाळा. एपीटी स्वतः सी++ मध्ये लिहिलेलं आहे आणि तीच लायब्ररी वापरतं. ती बिघडली तर दुरुस्त करायला एपीटीही उरत नाही.

ओळीत ‘जीएलआयबीसी_२.३८’ असं दिसलं, म्हणजे मधलं ‘एक्सएक्स’ नसलं, तर वरचे पर्याय उपयोगाचे नाहीत. प्रोग्रॅम नव्या ग्लिबसीवर बांधला गेलाय, आणि तो जुन्या सिस्टमवरच बांधावा लागेल. ज्या सगळ्यात जुन्या वितरणावर प्रोग्रॅम चालायला हवा, त्याच वितरणावर बांधा.

कंटेनर: डेबियन १२ वाल्यांसाठी आमची पहिली शिफारस

कंटेनर म्हणजे मूळ सिस्टमपासून अलग ठेवलेलं छोटं लिनक्स. ते चालवणारं पॉडमन हे साधन असेल तर एका ओळीत जीसीसी १४ मिळतो, आणि सिस्टममध्ये कणभरही बदल होत नाही:

पॉडमन रन --आरएम -आयटी -व्ही "$पीडब्ल्यूडी":/वर्क -डब्ल्यू /वर्क डॉकर.आयओ/लायब्ररी/जीसीसी:१४ बॅश

‘पीडब्ल्यूडी’ मोठ्या अक्षरांत. चालू फोल्डर आत /वर्क म्हणून दिसेल, तिथे ‘जी++’ म्हणजे १४. रेड हॅट किंवा फेडोरावर आत गेल्यावर ‘परमिशन डिनाइड’ आलं तर एसईलिनक्स ही सुरक्षा-यंत्रणा अडवतेय. /वर्क च्या पुढे ‘:झेड’ (मोठं अक्षर) जोडा. बांधलेला प्रोग्रॅम बाहेर चालवायचा असेल तर ‘एलडीडी --व्हर्जन’ आत आणि बाहेर चालवून ग्लिबसीचे आकडे ताडून घ्या, आणि वरचे दोन स्टॅटिक पर्याय वापरा. इमेज बरीच मोठी असते. पेडणे-सत्तरीकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांनी ती कॉलेजात किंवा ऑफिसात एकदाच उतरवून ‘पॉडमन सेव्ह’ने फाइल करून पेनड्राइव्हवर न्यावी, घरच्या मशीनवर ‘पॉडमन लोड’ केलं की झालं.

सोर्समधून बांधायची वेळ आलीच तर

क्वचितच येते. पण करायचंच तर सोर्सच्या फोल्डरात आधी ‘काँट्रिब/डाउनलोड_प्रीरिक्विझिट्स’ चालवा. त्याने जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी आणि आयएसएल या चार लायब्ररी आपोआप येतात. एकेक शोधत बसू नका. बांधणी सोर्सच्या आत नको, बाहेर वेगळ्या फोल्डरात करा.

../जीसीसी-१४.२.०/कॉन्फिगर --प्रिफिक्स=/ऑप्ट/जीसीसी-१४ --एनेबल-लँग्वेजेस=सी,सी++ --डिसेबल-मल्टिलिब
मेक -जे४
सुडो मेक इन्स्टॉल

शेवटचा पर्याय विसरलात तर ३२-बिट हेडर नसल्यामुळे ‘स्टब्ज-३२.एच’ सापडत नाही म्हणून बांधणी बऱ्याच वेळाने मोडते. प्रिफिक्स कधीही /यूएसआर देऊ नका, एपीटीच्या फाइलींवर पाणी फिरेल. दहा जीबी जागा मोकळी ठेवा. जीसीसी स्वतःलाच तीनदा बांधतो, म्हणून साध्या लॅपटॉपवर काही तास जातात. मधेच ‘किल्ड’ असं येऊन ‘सीसी१प्लस’ मेला तर मेमरी संपली आहे. ‘-जे४’ च्या जागी ‘-जे२’ करा, त्याच फोल्डरात ‘मेक’ पुन्हा चालवा, झालेलं काम वाया जात नाही. हा कंपायलर एपीटीला दिसत नाही, म्हणून त्याच्या दुरुस्त्यांची जबाबदारीही पूर्णपणे तुमची.

रस्टसाठी एवढं सगळं करू नका. त्याची नवी आवृत्ती दर सहा आठवड्यांनी येते आणि ‘रस्टअप’ ती तुमच्या होम फोल्डरात बसवतो. डेबियन १३ आणि उबंटू २४.०४ च्या भांडारात रस्टअपचं पॅकेजही आहे.

पुढच्या आवृत्तीवर जाताना काय मोडतं

डेबियन १२ वरून १३ वर गेलात की मूळ कंपायलर १२ वरून १४ वर उडी घेतो. कॉलेजच्या जर्नलमधले जुने सी प्रोग्रॅम पहिल्याच दिवशी पडतात, कारण त्यात नुसतं ‘मेन()’ लिहिलेलं असतं, पुढे ‘इंट’ नसतो, आणि ‘प्रिंटएफ’साठी हेडरही घेतलेलं नसतं. इतकी वर्षं जीसीसी अशा ठिकाणी वॉर्निंग देऊन पुढे जायचा. १४ पासून तो एरर देतो. घाई असेल तर ‘-एफपरमिसिव्ह’ जोडलं की पुन्हा वॉर्निंग होते. पण खरा उपाय म्हणजे सुटलेली ‘#इन्क्लूड’ची ओळ आणि परताव्याचा प्रकार लिहिणं. शिक्षकांनी जर्नलमधली उदाहरणंच दुरुस्त करावीत अशी आमची कळकळीची विनंती आहे, कारण मुलं तीच शैली पुढे घेऊन जातात.

सी++ मध्ये ‘यूइंट३२_टी’ ओळखत नाही अशी तक्रार आली तर ती जीसीसी १३ पासूनची आहे: इतर हेडरमधून आपोआप येणारं ‘सीएसटीडीइंट’ आता स्वतः मागावं लागतं. सीमध्ये ‘मल्टिपल डेफिनिशन’ दिसलं तर कोड जीसीसी १० च्याही आधीचा आहे. ग्लोबल व्हेरिएबल हेडरमध्ये जाहीर करताना ‘एक्स्टर्न’ राहून गेलंय. पुढे जीसीसी १५ वर गेलात तर सीचा मूळ मानक सी२३ होतो, आणि ‘बूल’ नावाचा स्वतःचा प्रकार बनवणारा जुना कोड अडतो; तिथे ‘-एसटीडी=जीएनयू१७’ दिलं की तात्पुरतं भागतं.

या सगळ्याची चाचणी अपग्रेड करण्याआधीच करता येते. वरच्याच कंटेनरमध्ये आपले सगळे प्रोजेक्ट १४ वर एकदा बांधून पाहा आणि एररची यादी हाताशी ठेवा.

लॅबमधली तीस मशीन आणि पावसाळा

प्रत्येक मशीनने तेच पॅकेज इंटरनेटवरून वेगळं उतरवण्यात अर्थ नाही. एका मशीनवर ‘एपीटी-कॅशर-एनजी’ बसवा, तो ३१४२ या पोर्टवर ऐकतो. बाकी मशीनांवर /ईटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डी मध्ये एक छोटी फाइल करून ‘अ‍ॅक्वायर::एचटीटीपी::प्रॉक्सी’ला त्या मशीनचा पत्ता आणि पोर्ट द्या. त्याच फाइलीत ‘अ‍ॅक्वायर::एचटीटीपीएस::प्रॉक्सी’ला ‘डायरेक्ट’ (मोठ्या अक्षरांत) लिहायला विसरू नका, नाहीतर एचटीटीपीएसवरची भांडारं, उदाहरणार्थ एलएलव्हीएमचं, ‘४०३ कनेक्ट डिनाइड’ म्हणून अडतात.

जून ते सप्टेंबर गोव्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून अपग्रेड दोन टप्प्यांत करा. ‘सुडो एपीटी अपग्रेड --डाउनलोड-ओन्ली’ने पॅकेजेस आधी उतरवून ठेवा, हे अर्धवट राहिलं तरी नुकसान नाही. बसवण्याचा टप्पा यूपीएसवर आणि आभाळ मोकळं असताना. मोठी आवृत्ती बदलायची असेल तर सेमिस्टर संपल्यावर किंवा चवथीच्या सुट्टीत करा, आणि आधी एकच मशीन. बसवताना मधेच वीज गेली तर मशीन चालू झाल्यावर दुसरं काहीही करण्याआधी या दोन ओळी चालवा:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

पहिलीत शेवटचं अक्षर लहानच. एखाद्या पॅकेजाची फाइल अर्धवट लिहिली गेली असेल तर दुसऱ्या कमांडमध्ये त्याचं नाव दिसतं. ते ‘सुडो एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल’ने पुन्हा बसवा. त्यानंतर ‘जीसीसी --व्हर्जन’ आणि ‘जी++ --व्हर्जन’ दोन्ही तपासा. दोघांचे आकडे वेगळे दिसले तर सिमलिंकवालं एक पॅकेज मागे राहिलंय. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल जीसीसी जी++’ने ते जागेवर येतं.